माशालाही थंडी बाधते

माशाला थंडी वाजते का, असा प्रश्न एखाद्या मुलाने वर्गात विचारला, तर आधी हशा पिकेल. ज्याचा जन्म पाण्यात, ज्याचे घर पाण्यात, त्याला कसली आली थंडी! पण मंडळी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिवाळ्यात घरोघरच्या आणि शाळाशाळांतल्या काचेच्या बरण्यांत एक देखणा मासा तळाशी जाऊन पडतो, खाईनासा होतो आणि एक दिवस मरून तरंगतो. लोक म्हणतात, त्याचे आयुष्यच तेवढे होते. खरे म्हणजे नीट सांभाळले तर त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक असते. तो मरतो तो बहुधा गारठ्याने आणि घाणीने. ही दोन्ही संकटे कुठून येतात आणि कशी टाळावीत, ते आज पाहू.

हा मासा म्हणजे बेट्टा. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतात, म्हणजे लढाऊ मासा. बोटाएवढी लांबी, निळा, तांबडा, जांभळा रंग, आणि नवरीच्या शालूसारखे पसरलेले पर. तालुक्याच्या गावीही आता तो मिळतो. दुकानात तो पावशेर पाण्याच्या पेल्यात ठेवलेला असतो आणि दुकानदार सांगतो, "याला काही लागत नाही. ना पंप, ना मोठी टाकी." आपल्याला वाटते, बरे झाले, कमी खर्चाचा पाहुणा मिळाला.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. ते अर्धे कोणते, हे आधी समजून घेऊ.

आपल्याकडची मरळ तुम्ही पाहिली असेल. बाजारात ती थोड्याशा पाण्यात तासन् तास जिवंत राहते. का? तर तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचीही सोय आहे. बेट्ट्याचेही तसेच. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, घड्या घातल्यासारखा एक अवयव असतो. त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्या हवेतला प्राणवायू रक्तात जातो. म्हणून पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तो गुदमरत नाही. इथपर्यंत दुकानदार बरोबर आहे.

पण श्वासाची सोय झाली म्हणजे संसाराची सोय झाली का? माणसाला हवा सगळीकडे मिळते; म्हणून त्याला कोठीच्या कणगीत कोंडून चालेल का? बेट्ट्याला हवा वरून मिळते, पण ऊब पाण्यातूनच मिळवावी लागते, आणि स्वतःची घाणही त्याच पाण्यात सोसावी लागते.

त्याचे मूळ गाव कुठले, ते पाहिले म्हणजे गोष्ट उलगडते. हा मासा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा. तिथे त्याला 'प्ला कट' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. १८४९ साली थिओडोर कँटर या डॅनिश वैद्याने त्याचे वर्णन लिहिले, पण नाव चुकून दुसऱ्याच जातीचे दिले. ती चूक १९१० साली टेट रीगन या इंग्रज शास्त्रज्ञाने दुरुस्त केली आणि 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे नाव रूढ झाले. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. मध्य थायलंडातली भातखाचरे, दलदली आणि संथ पाण्याचे चर ही त्याची वस्ती. ते पाणी उथळ असते, गवताने भरलेले असते, वाहत नसते. पण ते ऊबदार असते आणि शेतामागून शेत पसरलेले असते. उथळ खाचर निराळे आणि पावशेराचा पेला निराळा, हे ध्यानात ठेवा.

आता थंडीकडे वळू. आपण माणसे बाहेर हिमालयाची थंडी असो की नागपूरचा उन्हाळा असो, शरीर ३७ अंशांच्या आसपास राखतो. त्यासाठी अन्न जाळतो. माशाला ही कला नाही. पाणी जितके ऊन, तितकेच त्याचे शरीर ऊन. आणि शरीरातली सगळी कामे, म्हणजे पचन, हालचाल, रोगाशी झुंज, ही त्या उबेवर चालतात. चुलीतला जाळ कमी केला की भाताची कढ मंदावते, तसे हे आहे.

बेट्ट्याला २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवते. २६ च्या आसपास राहिले तर फारच उत्तम. पारा २२ च्या खाली गेला की तो सुस्तावतो. २० च्या खाली अन्नाला शिवेनासा होतो, पर आवळून घेतो, रंग फिका पडतो आणि तळाशी बसून राहतो. आपण समजतो, मासा शांत स्वभावाचा आहे. तो शांत नसतो हो, गारठलेला असतो.

इथूनच संकटांची साखळी सुरू होते. मासा खात नाही, पण आपण दाणे टाकतच राहतो. ते कुजतात, पाणी बिघडते. थंडीने त्याची रोगाशी लढण्याची ताकद आधीच कमी झालेली असते. मग पर झडू लागतात, अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. आपण औषध शोधत धावतो. पण रोगाचे मूळ बहुधा पाण्यातच असते.

आपल्या राज्यात थंडी सगळीकडे सारखी नाही. कोकणपट्टीत हिवाळा सौम्य असतो. पण पुणे, नाशिक, अहिल्यानगर या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या जवळपास उतरतो, आणि निफाडसारख्या गावी थंडीच्या लाटेत तो ५ अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री बंद शाळेच्या खोलीतल्या बरणीत काय होत असेल, याचा विचार करा.

मग पाण्याची ऊब टिकवायची कशी? पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी जास्त ठेवणे. हे कसे, ते शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडण्याजोगे आहे. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर अशी पेटी घ्या. तिच्यात १ लिटर पाणी मावते आणि तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते. आता बाजू ३० सेंटिमीटरची करा. पाणी मावते २७ लिटर आणि क्षेत्रफळ होते ५४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे लिटरमागे केवळ २००. ऊब बाहेर जाते ती बाजूंमधून. छोट्या पेटीत दर लिटरमागे ऊब पळून जायला ६०० चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी, तर मोठ्या पेटीत फक्त २०० ची. म्हणून मोठ्या टाकीचे पाणी रात्रभरात सावकाश निवते आणि बरणीचे भराभर.

मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येईल. स्टीलचा एक पेला आणि स्टीलची एक बादली सारख्याच कोमट पाण्याने भरा. दर पाव तासाने दोन्हीकडचा पारा पाहा आणि आकडे फळ्यावर लिहा. तासाभरात फरक असा दिसेल की तो पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

पारा म्हटले खरे, पण थर्मामीटर कोणता घ्यावा? ताप पाहण्याचा घेऊ नका. तो ३५ अंशांच्या खालचे दाखवतच नाही. प्रयोगशाळेतला शून्य ते ११० अंशांचा घ्या, आणि तोही लाल द्रवाचा. पाऱ्याचा टाकीत फुटला तर पारा विषारी असतो. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी, असे दोनदा माप घेऊन वहीत लिहावे. हे काम मुलांकडे पाळीपाळीने द्या. मासा निरोगी राहील आणि आलेख काढायला घरचे आकडेही मिळतील.

तर टाकी किती मोठी? निदान १५ ते २० लिटरची असावी. ती खिडकीत ठेवू नका. दुपारी ऊन तापवते आणि रात्री झोत गारठवतो. एका दिवसात पारा असा वरखाली होणे माशाला फार बाधते. चुलीजवळही नको. शहाबादी फरशीवर नको. आतल्या भिंतीशी, बाकावर किंवा मेजावर ठेवा. खाली थर्मोकोलचा तुकडा घाला, मागे आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोल लावा. समोरची काच पाहण्यासाठी मोकळी राहू द्या. थंडीच्या रात्री तिच्यावरही जुनी गोधडी टाका.

वर झाकण हवेच. त्याची कारणे दोन. एक म्हणजे हा मासा उडी मारतो. दुसरे म्हणजे तो वरची हवा पितो. ती हवा पाण्याइतकी ऊबदार असली तर बरे. मात्र झाकणाला भोके ठेवा, आणि पाणी काठोकाठ न भरता वर तीन-चार बोटे जागा सोडा. हवेला जागाच राहिली नाही तर तो गुदमरेल.

एवढे करूनही पठारावरच्या गावांना कडाक्याच्या थंडीत हीटर लागतो. पारा ठरल्या अंशावर आला की आपोआप बंद होणारा काचेचा हीटर दुकानात मिळतो. २० लिटर पाण्याला २५ वॅटचा पुरतो. फार थंडीच्या गावी ५० वॅटचा घ्यावा. खर्चाचे भय बाळगू नका. ५० वॅटचा हीटर सलग २० तास जळला तर वीज एक युनिट लागते, आणि तो सतत जळतही नाही. पण काही पथ्ये मात्र पाळा. हीटर पाण्याबाहेर असताना चालू करू नका, नाहीतर काच तडकेल. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. आणि हे काम मोठ्या माणसानेच करावे, मुलांनी नव्हे.

वीज गेली तर? घाबरू नका. पाणी जास्त आणि टाकी झाकलेली असली म्हणजे ऊब काही तास टिकते. फारच गार झाले तर एका स्वच्छ बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून ती टाकीत तरंगत ठेवा. गरम पाणी थेट टाकीत ओतू नका. तासाला एक-दोन अंशांहून जास्त पारा चढू देऊ नका. गारठलेल्याला एकदम भट्टीपाशी बसवणे हा उपचार नव्हे.

विदर्भ-मराठवाड्याच्या श्रोत्यांना उलटी काळजी. चैत्र-वैशाखात पाणी ३० अंशांच्या वर जाऊन राहिले की मासा कासावीस होतो. तिथे माठाची युक्ती करा. टाकी सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवा आणि तिच्या बाजूंना ओले फडके गुंडाळा. बर्फाचे खडे मात्र टाकू नका.

आता दुसरे संकट, घाणीचे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले की आणखी अमोनिया होतो. हे विष आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ दिसणारे पाणीही विषारी असू शकते. पेल्यात हे विष लवकर साठते, २० लिटरमध्ये सावकाश. म्हणजे मोठी टाकी इथेही कामी आली. शिवाय टाकीत काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते, आणि शेतकऱ्याला ते नवे नाही; ते पिकांचे खाद्यच आहे. पण ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस पाणी जरा अधिक वेळा बदला. हवेच्या लहान पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवली तर जिवाणूंना घर मिळते. तिचा प्रवाह मात्र मंद ठेवा. लांब परांच्या माशाला जोराच्या पाण्यात पोहताना दमायला होते. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतील.

पाणी आठवड्यातून एकदा, चौथा हिस्सा बदलावे. सगळे पाणी ओतून, टाकी घासून चकचकीत करण्याची हौस माशाच्या जिवावर येते. बदलायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून टाकीशेजारीच ठेवा. असे केल्याने दोन कामे साधतात. नळाच्या किंवा टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, आणि बादलीचे पाणी खोलीच्या उबेला येते. थंडीत ते तरीही टाकीपेक्षा गार असेल, तर दुसऱ्या भांड्यात थोडे तापवून बादलीत मिसळा आणि थर्मामीटरने दोन्हीकडचे अंश जुळवून मगच टाकीत घाला. घाई असली तर क्लोरीन काढणारे थेंब दुकानात मिळतात. काढलेले पाणी तुळशीला घाला. मात्र एक सांगतो: साबण लागलेले भांडे किंवा फवारणीच्या औषधाची बादली या कामाला कधीही वापरू नका. डास मारण्याचा फवाराही त्या खोलीत नको. थोडेसे कीटकनाशकसुद्धा माशाला पुरेसे होते.

खाण्याचे म्हणाल तर हा मासा मांसाहारी आहे. चुरमुरे, भाताची शिते, पावाचा चुरा हे त्याचे अन्न नव्हे. त्याच्यासाठी मिळणारे तरंगते दाणे सकाळ-संध्याकाळ दोन-तीन टाका. त्याचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते असे जाणकार सांगतात. नेमके माप नसले तरी हा अंदाज ध्यानात ठेवण्यासारखा आहे. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो, पण गटारातल्या आणू नका. दोन मिनिटांत जे खाल्ले नाही ते काढून टाका. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी बिघडत नाही. आणि ज्या दिवशी पाणी गार असेल त्या दिवशी आधी पाणी ऊबदार करा, मग वाढा.

मासा चपळ राहावा म्हणून त्याला फिरायला जागा आणि टेकायला आडोसा द्या. हायड्रिलासारखी मऊ पाणवनस्पती चांगली धुऊन घाला. प्लास्टिकची टोकदार झाडे पर फाडतात. वरच्या बाजूला एखादे रुंद पान असले की तो त्यावर विसावतो. दिवसा उजेड आणि रात्री अंधार मिळू द्या. क्वचित एखादे मिनिट आरसा दाखवला तर तो पर फुलवतो. पण तेवढेच पुरे. दिवसभर आरसा म्हणजे दिवसभर भांडण.

भांडणावरून आठवले. दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नका. ते एकमेकांना फाडून काढतात. गंमत म्हणून झुंज लावणे हा तर गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माशालाही लागू आहे. आणि मासा नकोसा झाला तर विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. परक्या देशाचा जीव आपल्या पाण्यात सोडणे हे पुण्य नव्हे. ज्याला सांभाळता येईल अशा माणसाला द्या.

निरोगी बेट्टा ओळखायचा कसा? माणूस जवळ आला की तो काचेपाशी येतो. पर मोकळे असतात, रंग तजेलदार असतो, दाणा पडताच झेप घेतो. नर असेल तर पाण्यावर बुडबुड्यांचे फेसाळ घरटेही बांधतो. पर आवळलेले, पोट फुगलेले, खवले उभारलेले, अंगावर ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसली, तर आधी थर्मामीटर पाहा, मग पाण्याचा चौथा हिस्सा बदला. औषधाचा विचार त्यानंतर.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. दिवाळीची सुटी लागते आणि त्याच सुमारास थंडीही सुरू होते. शाळेला कुलूप लागते, वीज बंद होते आणि मासा आतच राहतो. सुटीआधी तो कोण नेणार, हे ठरवून ठेवा. झाकणाच्या डब्यात टाकीचेच पाणी अर्ध्यापर्यंत घ्या, वर हवा राहू द्या, डबा टॉवेलात गुंडाळून न्या. नव्या टाकीत सोडण्याआधी डबा त्या पाण्यात पाव तास तरंगत ठेवा, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होईल.

पेल्यात जगणारा मासा म्हणून आपण त्याला आणतो, पण पेल्यात तो फक्त मरायचा थांबलेला असतो. त्याला पुरेसे पाणी, त्या पाण्यात ऊब आणि ऊब पाहणारा एक माणूस, एवढे मिळाले की तो जगतो. त्याला काही बोलता येत नाही. आपली थंडी तो आपल्याला सांगू शकत नाही. म्हणून ती विचारण्याचे काम आपले. येत्या थंडीत सकाळी शाळेचे दार उघडले की हजेरी घेण्याआधी एक नजर त्या थर्मामीटरवर टाका.